पुण्याच्या टेकड्या आणि त्यांची नावे

मराठी भाषेची डोंगराशी ओळख फार जुनी आहे. उंचवट्याचा आकार, त्याचा चढाव आणि त्याचा माथा पाहून तिने निरनिराळे शब्द घडविले. डोंगर निराळा आणि टेकडी निराळी; कडा, सुळका, सोंड, माची, पठार, खिंड, घाट या प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. ज्या माणसाला गुरे चारावयाची असत, सरपणाची मोळी आणावयाची असे, किंवा दिवस मावळण्यापूर्वी पलीकडचे गाव गाठावयाचे असे, त्याला हे भेद शिकविण्यास पंतोजीची गरज पडत नसे. खिंडीला कडा म्हणणारा मनुष्य वाट चुकत असे. जी गोष्ट सामान्यनामांची तीच विशेषनामांची. टेकडीला नाव पडते ते माणसाचे तिच्याशी काही काम असते म्हणून. आणि ते काम कोणते होते हे नावावरून पुष्कळदा सांगता येते. शिलालेख वाचावयास विद्वान लागतो, ताम्रपट सांभाळावयास पेटी लागते. परंतु टेकडीचे नाव अक्षरशत्रू मनुष्यही तोंडी सांभाळीत आला आहे. या दृष्टीने पुणे शहराच्या टेकड्यांकडे पाहिले, तर शहराचा बराचसा इतिहास त्यांच्या नावांत सापडतो.

प्रथम या टेकड्या कोठे आहेत ते ध्यानात घेतले पाहिजे. मुठा नदी शहरातून वाहते. तिच्या पश्चिमेस एक लांब रांग पसरली आहे. तिच्या माथ्यावर वेताळ टेकडी, शहराकडील टोकांना हनुमान टेकडी आणि चतुःशृंगी, तर भोवती पाषाण, कोथरूड, एरंडवणे आणि भांबुर्डे ही जुनी गावे. दक्षिणेस पर्वती, तिच्या पाठीशी वाघजाई, तळजाई आणि पाचगाव पर्वतीचे रान, आणि त्याही पलीकडे कात्रजचा डोंगर. वायव्येस बाणेरची तुकाई टेकडी, आग्नेयेस हडपसरकडील रामटेकडी, आणि मुळामुठेच्या पलीकडे येरवड्याचा उंचवटा.

या सर्वांचा दगड एकच, काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले आणि थंड झाले. पुढे पाऊस, ओढे आणि नद्या यांनी ते थर कोट्यवधी वर्षे झिजविले. जे झिजून गेले तेथे दऱ्या आणि मैदाने झाली. जे राहिले त्यांना टेकड्या म्हणतात. म्हणजे पुण्याच्या टेकड्या जमिनीतून वर आलेल्या नाहीत, त्या भोवतालची जमीन गेल्यावर शिल्लक राहिल्या आहेत. त्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फूट उंच असून शहरातील ते सर्वांत उंच ठिकाण होय. पर्वती सुमारे २,१०० फूट आहे.

आता नावे पाहावी. तळजाई, वाघजाई, तुकाई ही नावे एकापाठोपाठ एक उच्चारली की त्यांतील एक साम्य लगेच कानी पडते. प्रत्येकीच्या शेवटी ‘आई’ आहे. कोथरूडच्या बाजूस म्हातोबाची टेकडी आहे. तिथे ‘बा’ आहे. शास्त्री-पंडितांनी दिलेली ही नावे नव्हेत. गुराखी, शेतकरी, मोळीविके अशा लोकांनी जिच्या अंगावर गुरे चारली तिला आई म्हटले आणि जो रानात राखण करतो त्याला बा म्हटले. वाघजाईच्या नावात तर वाघ प्रत्यक्ष बसलेला आहे. आज तिच्या पायथ्याशी वाहनांची रांग लागते, तेथे एके काळी रान होते आणि त्या रानात भीती होती, हे सांगणारा दुसरा पुरावा नसला तरी चालेल. नाव पुरेसे आहे.

या जुन्या देवांत वेताळाचे स्थान वेगळे आहे. वेताळ हा भुताखेतांचा राजा, आणि गावाच्या वेशीबाहेरचा राखणदार. त्याला मोठे देऊळ लागत नाही, सोन्याची मूर्ती लागत नाही. शेंदूर फासलेला दगड त्याला पुरतो. गावात जागा नसलेला हा देव टेकडीच्या माथ्यावर बसविला गेला यात मोठा व्यवहार आहे. अनेक गावांच्या मधोमध असलेली ही उंच जागा कोण्या एकाच गावाची नव्हती. तिथे सर्वांची गुरे जात, सर्वांची माणसे जात, आणि रात्री कोणीच जात नसे. वेताळाच्या धाकाने जंगलतोडीला किती आळा बसला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु जी जागा देवाची ती एकट्याची नव्हे, ही समजूत मात्र अशा नावांमुळे रुजली.

पर्वतीची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे, आणि नावांच्या दृष्टीने अधिक बोधप्रदही आहे. टेकडीवरील देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधविले आणि ते १७४९ साली पुरे झाले. देवदेवेश्वर म्हणजे शंकर. त्याच्या मांडीवर पार्वती आणि गणपती. नानासाहेबांची आई काशीबाई हिच्या पायाचे दुखणे या टेकडीवरील देवीच्या नवसाने बरे झाले, म्हणून पुत्राने हे मंदिर उभारले, आणि त्यासाठी टेकडी तावरे पाटलांकडून घेतली, असे परंपरा सांगते. या कथेतील एक धागा पकडून ठेवण्यासारखा आहे. मंदिर होण्यापूर्वी टेकडीवर देवीचे ठाणे होते आणि पायथ्याशी पर्वती नावाचे गाव होते. म्हणजे नाव मंदिराहून जुने. पेशव्यांच्या हाती त्या वेळी जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानची सूत्रे होती. त्यांनी मंदिर बांधले, पुढे आणखी मंदिरे झाली, १०३ पायऱ्यांचा रुंद सोपान झाला, पायथ्याच्या रमण्यात श्रावणमासी दक्षिणा वाटली जाऊ लागली. देवाचे नाव देवदेवेश्वर असे भारदस्त ठेवण्यात आले. तरी पुणेकर देवदेवेश्वरला गेला असे कोणी म्हणत नाही. तो पर्वतीला जातो. राजसत्तेला टेकडीवर शिखर चढविता आले, पण टेकडीच्या नावावर नाव चढविता आले नाही.

त्या नावाला पुढे दुःखाचीही जोड मिळाली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला. नानासाहेबांनी तो घाव फार दिवस सोसला नाही. त्याच वर्षी २३ जून रोजी त्यांनी पर्वतीवरच देह ठेवला. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा दुसरा बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होता. ज्या घराण्याने टेकडीला वैभव दिले त्याच घराण्याचा अस्त तिच्या माथ्यावरून पाहिला गेला. सत्तर वर्षांपूर्वी जो माथा देवाच्या सान्निध्यासाठी निवडला गेला होता, त्या माथ्याचा उपयोग शेवटी दूरवरची धूळ आणि धूर न्याहाळण्यासाठी झाला.

परंतु पर्वतीच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रश्न राजाने विचारलेला नाही. तो ज्यांना पायऱ्यांच्या शेवटी अडविले जाई त्या माणसांनी विचारला. टेकडीचे नाव सर्वांच्या तोंडी होते, टेकडी सर्वांना दिसत होती, पण मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या समाजाला बंद होते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी तेथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्याचे पुढारी होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही त्यात उतरले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. पर्वतीची कथा सांगताना पेशव्यांपाशी थांबण्याची रीत आहे. ती रीत अपुरी आहे. जे नाव सर्वांनी सांभाळले त्या नावाच्या जागी सर्वांना जाता आले पाहिजे, हे पुण्याला त्या दिवशी ऐकविले गेले. पर्वतीच्या पायऱ्यांवर पेशव्यांच्या पालखीची जेवढी आठवण आहे, तेवढीच त्या दगडांचीही असावयास हवी.

चतुःशृंगीचे नाव निराळ्या वळणाचे आहे. ते संस्कृत आहे आणि ते एक संख्या सांगते. चार शिखरांची ती चतुःशृंगी. नाशिक जिल्ह्यात वणीजवळ सात शिखरांची सप्तशृंगी आहे, आणि दोहोंचे नाते लोककथेने जोडून दिले आहे. पेशवाईत पुण्यात एक सावकार होता. तो दरवर्षी सप्तशृंगीच्या दर्शनास जात असे. वार्धक्याने पाय थकले, प्रवास सुटला, आणि भक्ताला चैन पडेना. तेव्हा देवीने स्वप्नात येऊन सांगितले की तूच येऊ शकत नसशील तर आता मीच तुझ्याजवळ येते. अशी ही कथा. तिची ऐतिहासिक छाननी कोणी कशीही करो. तिच्यात एक सत्य आहे. माणूस आपला मुलूख सोडून येतो तेव्हा आपला डोंगरही नावाच्या रूपाने बरोबर आणतो. सात शिखरांची खूण चार शिखरांत पाहावयास मिळाली, एवढ्यावर त्याचे समाधान होते. नवरात्रात या टेकडीवर जी यात्रा भरते तिच्यातील कितीजण शिखरे मोजतात हा प्रश्नच आहे. शुद्धलेखनाच्या वहीत या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे गुण कापले गेले आहेत. विसर्गाचा आणि ‘शृ’चा बंदोबस्त करता करता पुणेकराने बोलताना ‘चतुश्रुंगी’ करून टाकली आणि देवीने त्याबद्दल कोणाचा राग धरलेला नाही.

टेकड्यांच्या नावांबरोबर खिंडींची नावेही पाहिली पाहिजेत. कारण टेकडी ही राहण्याची जागा, तर खिंड ही जाण्याची. गणेशखिंडीजवळ गणपतीचे जुने मंदिर आहे. १८१७ च्या खडकीच्या लढाईत मराठी फौज याच खिंडीकडून पुढे सरकली. इंग्रजांनी पुढे खिंडीच्या पलीकडे गव्हर्नरचा पावसाळी निवास बांधला; आज त्या वास्तूत आणि तिच्या आवारात १९४९ साली स्थापन झालेले पुणे विद्यापीठ आहे. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड त्या वाड्यातून परतत असता गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्याच्यावर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. गणपतीच्या नावाची ही खिंड अशा रीतीने दोनदा इतिहासाच्या वाटेवर आली. वारज्याजवळची डुक्कर खिंड एवढी भाग्यवान नाही. तिच्या नावात ना देव ना वीर. पण त्या रानात रानडुकरांचा वावर होता एवढी बातमी ती आजही मोठ्या हमरस्त्याच्या गोंगाटात सांगत राहिली आहे.

कात्रजचा घाट तर स्थळाच्या हद्दीतून निघून थेट वाक्प्रचारात शिरला. १६६३ च्या एप्रिल महिन्यात शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला. त्या रात्री बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकले आणि मोगली फौज त्या उजेडामागे धावली, अशी कथा घरोघर सांगतात. तेव्हापासून कोणाला हातोहात फसविणे म्हणजे त्याला कात्रजचा घाट दाखविणे. ज्याने कात्रज कधी पाहिलेही नाही असा नागपूरचा किंवा मालवणचा मनुष्यही हा घाट दुसऱ्याला दाखवीत असतो.

कथा आणि नाव यांच्या संबंधात मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पुण्याच्या टेकड्यांवरून नैर्ऋत्येस सिंहगड दिसतो. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली तो घेतला आणि त्यांच्या पराक्रमामुळे कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, असे लहानपणापासून प्रत्येकाने ऐकलेले असते. परंतु १६६३ सालच्या शिवकालीन पत्रात सिंहगड हे नाव आलेले आहे. याने तानाजींचा पराक्रम तिळमात्र कमी होत नाही. एवढेच दिसते की नाव आधी असते आणि पुष्कळदा तिच्या तोडीची कथा लोक मागाहून शोधतात. आणि कथा इतकी शोभते की नाव तिच्यासाठीच थांबून राहिले होते असे वाटू लागते. पर्वतीच्या बाबतीतही नाव आधी आणि मंदिर मागून, हे वर आलेच आहे.

इंग्रजी अमलात टेकड्यांना नावे देण्याची पद्धत बदलली. १८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन कॉलेज १८९५ साली हनुमान टेकडीच्या पायथ्याशी आपल्या नव्या इमारतीत आले. सर जेम्स फर्ग्युसन हे १८८० ते १८८५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे नाव कॉलेजाला मिळाले आणि कॉलेजाच्या द्वारे ते टेकडीवर चढले. विद्यार्थी तिला फर्ग्युसनची टेकडी म्हणू लागले. हनुमंत आपल्या देवळात तसाच राहिला. तथापि या टेकडीने नव्या नावालाही शोभा दिली. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी द्रविड, देवधर आणि पटवर्धन या आपल्या तीन सहकाऱ्यांसह याच टेकडीवर देशसेवेची शपथ घेतली आणि भारत सेवक समाज स्थापन झाला. त्या ठिकाणी आज स्मारकाचा स्तंभ उभा आहे. सभागृह नाही, छप्पर नाही, श्रोते नाहीत. चार माणसे पहाटे टेकडीवर गेली आणि आयुष्ये वाहून खाली उतरली. फिरावयास येणाऱ्या शेकडो लोकांची पावले त्या स्तंभापाशी वळतात, पण त्याच्यावरील अक्षरांशी थांबणारी थोडी.

येरवड्याच्या उंचवट्याचे नाव तर एका घरावरून पडले. तेथे लेडी प्रेमलीला ठाकरसी यांचा पर्णकुटी नावाचा बंगला होता. ८ मे १९३३ रोजी गांधीजींनी अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. त्याच दिवशी सरकारने त्यांना तुरुंगातून मुक्त केले आणि ते पर्णकुटीत आले. उपवास २९ मे रोजी तेथेच संपला. बंगला दगडाविटांचा आणि नाव पानांच्या झोपडीचे, यातील विनोद कोणाच्या ध्यानात आला असेल वा नसेल. लोकांनी मात्र त्या टेकडीला पर्णकुटी टेकडी हेच नाव दिले. पर्वतीच्या पायऱ्यांवर १९२९ साली जो प्रश्न उभा राहिला त्याच प्रश्नासाठी चार वर्षांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टेकडीवर उपवास झाला, हा योगायोग पुण्याच्या मुलांना भूगोलाच्या तासालाच सांगण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतर शहर टेकड्यांच्या चोहोबाजूंनी वाढले आणि नावांची गत अशी झाली की ज्या बाजूने मनुष्य चढतो त्या बाजूच्या संस्थेचे नाव तो टेकडीला देतो. १९२४ साली स्थापन झालेल्या लॉ कॉलेजाच्या बाजूने चढणाऱ्यास ती लॉ कॉलेजची टेकडी. मोटारवाहनांच्या संशोधनाची संस्था १९६६ साली निघाली, तिच्या बाजूने जाणाऱ्यास ती ‘एआरएआय’ची टेकडी. आणि या दोघांची जेथे गाठ पडते तो माथा वेताळाचा! हत्ती आणि सात आंधळे यांची गोष्ट येथे आठवते. फरक इतकाच की येथील सर्वांना डोळे आहेत. या नव्या नावांत वाईट काही नाही. संस्था चांगल्या आहेत, त्यांचे कार्य मोठे आहे. पण ‘अमक्या कॉलेजची टेकडी’ म्हणताच मनात मुख्य वस्तू कॉलेज होते आणि टेकडी त्याचे परसदार होते. व्याकरणात षष्ठी विभक्ती मालकी दाखविते. ‘वेताळाची टेकडी’ यातही षष्ठी आहे खरी. परंतु वेताळ ती कोणाला विकीत नाही.

नाव गेले म्हणून टेकडीचे काय बिघडते, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील, आणि तो विचारणे योग्यच आहे. नावाने टेकडी वाचते असे सरळ म्हणता येत नाही. वेताळाच्या नावाची टेकडी असूनही तिच्या माथ्यावर दगडाची खाण झाली. ती बंद पडल्यावर तिच्या खड्ड्यात पाणी साचले आणि आज मोर तिथे पाण्यावर येतात. पण ज्या जागेला नाव नाही तिला सातबाराच्या उताऱ्यावर नुसता क्रमांक असतो, आणि क्रमांकाविषयी कोणाला ममता वाटत नाही. वाघजाईचा उतार खणला असे ऐकले तर माणूस थबकतो. अमुक क्रमांकाचा भूखंड सपाट केला असे ऐकले तर तो वर्तमानपत्राचे पान उलटतो.

टेकडीचे काम मात्र क्रमांकाने थांबत नाही. पावसाचे पाणी उतारावर अडविणे, मुरविणे आणि हळूहळू ओढ्यात सोडणे हे तिचे काम. कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबील ओढा पर्वतीच्या पायथ्याजवळून शहरात येतो. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी भूमिगत नळाने पुण्यात आणले आणि याच ओढ्याच्या पाण्यावर पर्वतीचे तळे केले. आजची सारसबाग त्या तळ्याच्या जागी आहे. अठराव्या शतकातल्या कारभाऱ्यांना टेकडी आणि तहान यांचे नाते ठाऊक होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मोठा पाऊस झाला, आंबील ओढा काठ सोडून वस्त्यांत शिरला, भिंती कोसळल्या आणि अनेकांचे प्राण गेले. त्या रात्री पाऊस फार पडला हे खरे. पण ओढ्याचे पात्र आवळले गेले होते आणि वरच्या उतारांवर पाणी धरून ठेवणारी माती व झाडी उरली नव्हती, हेही तितकेच खरे. ओढ्याच्या काठी जी घरे होती ती बहुधा गरिबांची. टेकडीच्या उताराची किंमत पायथ्याचा मनुष्य देतो.

ही गोष्ट शहरातील जाणत्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १९९७ साली जी गावे महापालिकेच्या हद्दीत आली, त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांच्या जमिनीवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्यात आले. त्यावर वर्षानुवर्षे वाद चालला, आणि २०१५ साली शासनाने त्यास मान्यता दिली. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांना योग्य मोबदल्याची चिंता आहे आणि ती रास्त आहे. शहराने टेकडीचा लाभ घ्यावयाचा आणि तिचा भार एका शेतकऱ्याच्या घरावर टाकावयाचा, हा न्याय नव्हे. परंतु या साऱ्या वादात एक चमत्कार झाला. तुकाई, म्हातोबा, वेताळ या सर्वांना कागदोपत्री मिळून तीन इंग्रजी अक्षरांचे एकच नाव मिळाले, ‘बीडीपी’. रक्षणासाठी काढलेले नावही कोणाच्या जिभेवर रुळेना.

लोकांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले. या पश्चिमेकडील रांगेतून रस्ता आणि बोगदे नेण्याचे बेत पुढे आले तेव्हा त्यांस विरोध करण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी मोठा मोर्चा काढला. त्यात तरुण होते, म्हातारे होते, रोज सकाळी टेकडीवर जाणारे होते आणि आयुष्यात एकदोनदाच गेलेलेही होते. यांतील पुष्कळजण एरवी बोलताना त्या टेकडीला कॉलेजच्या किंवा संस्थेच्या नावाने ओळखतात. तरी चळवळीला नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी कॉलेजचे नाव घेतले नाही, संस्थेचे घेतले नाही आणि तीन इंग्रजी अक्षरांचेही घेतले नाही. ‘वेताळ टेकडी बचाव’ असेच म्हटले. शेंदूर फासलेल्या त्या दगडावर यांतील किती जणांची श्रद्धा असेल हे सांगणे अवघड आहे. पण जे कोणा एकाचे नाही ते वाचवावयाचे असेल तर जे कोणा एकाचे नाही असेच नाव लागते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. नावानेच ते शिकविले.

यातून करण्यासारखी गोष्ट लहानशी आहे आणि तिला खर्चही बेताचा आहे. पुण्यात जी गावे सामावली गेली, पाषाण, बाणेर, कोथरूड, धनकवडी, पर्वती, त्यांतील वृद्ध माणसे अजून आपल्या टेकडीच्या प्रत्येक सोंडेला, प्रत्येक ओघळीला, प्रत्येक पाणवठ्याला नावाने ओळखतात. नकाशांवर ही नावे बहुधा नसतात. प्रत्येक शाळेने आपल्या समोर दिसणाऱ्या टेकडीपुरते हे काम हाती घ्यावे. वरच्या वर्गातील मुलांनी वही घेऊन गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जावे, गुराख्याकडे जावे, देवीच्या गुरवाकडे जावे आणि विचारावे की या ओघळीला काय म्हणतात, त्या कातळाला काय म्हणतात, आणि का म्हणतात. उत्तर दंतकथेचे आले तर दंतकथा म्हणून लिहावे, साल सापडले तर साल लिहावे. शंभर नावे जमली तर त्यांतील दहा नावे पायवाटेच्या तोंडाशी फळ्यावर लिहून लावावी. संस्थेचे नाव खाली असावे आणि टेकडीचे वर. पुढे कधी त्या उतारावर कुदळ पडण्याचा प्रसंग आला, तर अडविणाऱ्याला काय अडवावयाचे ते निदान नावाने सांगता येईल.